साहेबांचं पथ्य

सोमवार, ३ फेब्रुवारी

खांदा बरा झाला आणि पोट गेलं. सौदा असा ठरला आहे.

डॉक्टरने वेदनाशामक गोळी दिवसातून एक, जेवणानंतर, असं सांगितलं होतं. मी दोन घेत होते, सकाळी उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. एका गोळीने अर्धं दुखणं जातं, तर दोन गोळ्यांनी सगळं जाईल. रसायनशास्त्राची पदवी, शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत निम्मं आयुष्य, नव्या मुलींना प्रमाण म्हणजे काय ते शिकवण्याचा अधिकार, आणि स्वतःच्या बाबतीत अक्कल ही एवढी. खांद्याने मात्र या गणिताला दाद दिली. बिल पोटाच्या नावावर फाटलं.

आता छातीच्या खाली निखारा ठेवल्यासारखं होतं. सकाळचा चहा ओरखडे काढत उतरतो.

खरी लाज वेगळीच आहे. ‘मला हे चालत नाही, मला ते सोसत नाही’ म्हणणाऱ्यांना मी आजवर माणसांत धरलं नव्हतं. असा माणूस ताटावर जेवायला बसत नाही, न्यायनिवाडा करायला बसतो. यजमानीण बिचारी आरोपीसारखी उभी. आता त्या बाकावर मी जाऊन बसायचं? नाही बसणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ताईच्या कटकटीला कंटाळून पोटाच्या डॉक्टरकडे गेले. (ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एकत्र राहतो. घर तिचं, मतंही तिचीच.) डॉक्टर इतका तरुण की त्याच्या भिंतीवरची पदवी मी दोनदा वाचली.

‘‘गोळी कशाबरोबर घेत होतात?’’

‘‘पाण्याबरोबर.’’

‘‘आणि पोटात काय असायचं?’’

‘‘तेच पाणी.’’

तो हसला. मग घशातून दुर्बीण घालून त्याने हसण्याचा वचपा काढला. जखम झालेली नाही, पण अस्तर सोलवटलं आहे म्हणाला. गोळ्या आजपासून बंद. आम्ल कमी करणारी एक कॅप्सूल रोज सकाळी. तिखट, आंबट, तळलेलं, कॉफी, सगळं बंद. मऊ भात, उकडलेला बटाटा, गाजर, भोपळा. थोडक्यात, दात न आलेल्यांचा आहार.

‘‘किती दिवस?’’

‘‘सहा ते आठ आठवडे. नाहीतर रक्तस्राव सुरू होईल, मग तुमच्याशी मी नाही बोलणार, सर्जन बोलेल.’’

‘‘मी नोकरी करते.’’

‘‘ते पोटाला सांगून बघा.’’

उत्तर चांगलं होतं, म्हणून राग जास्त आला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अडचण भाताची नाही. अडचण टेबलाची आहे, आणि ती मीच करून ठेवली आहे.

दुपारी आम्ही पाचजण मागच्या खोलीत जेवतो. साहेब, म्हणजे आमचे प्रमुख, मार्चअखेर निवृत्त होणारे. नोंदणीबाई, ज्या येणाऱ्या प्रत्येक बाटलीला क्रमांक देतात आणि प्रत्येक माणसाला सल्ला. व्हॅनमधून नमुने आणणारे ड्रायव्हर. धाकटी, म्हणजे माझ्या हाताखालची नवी केमिस्ट, लग्नाला वर्ष नाही झालं. आणि मी. डबे मध्ये ठेवायचे, आणि स्वतःच्या डब्यातलं कुणीही खायचं नाही. फक्त दुसऱ्यांच्या. हा नियम माझा. तो करण्याआधी प्रत्येकजण आपापल्या डब्यावर कोपर ठेवून जेवायचा, वर्गात उत्तरं लपवणाऱ्या पोरांसारखा. नियम आला आणि खोलीत बोलणं सुरू झालं.

आता मी सवलत मागितली तर? हिशेब विभागाचं टेबल असंच मोडलं. एकाला साखर निघाली, तो आपला डबा घेऊन खिडकीशी बसला. मग दुसऱ्याला वजन कमी करायचं होतं. महिन्याभरात पाच माणसं पाच खिडक्यांशी. घरी मला ताई आहे, आणि ताई बोलते, मी ऐकते. माणसांत बसून मी जेवते ती ही दुपारचीच वेळ. इथे तरी हे लिहायला हरकत नाही.

तर मी मऊ भात नेला तो चौघांनी खाल्ला. आणि मी ड्रायव्हरांच्या घरचा लाल रस्सा खाल्ला. तो रस्सा म्हणजे शाकाहाराच्या वेषातला सूड आहे. नंतर बराच वेळ हातपाय धुवायच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते. धाकटीने दार वाजवलं. ‘‘मॅडम, बरं वाटतंय ना?’’ मी म्हटलं, ‘‘पिपेट धुतलीस का?’’

बुधवार, १२ फेब्रुवारी

युक्त्या करून पाहिल्या. अगदी थोडं वाढून घेणं: नोंदणीबाई लगेच ‘‘बाई, वजन उतरवताय की काय? आता कुणाला दाखवायचंय?’’ घास रुमालात घेणं: रुमालाचं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. उशिरा जाणं: सगळे माझ्यासाठी थांबून राहतात, आणि मग थांबल्याचा मोबदला म्हणून जास्त वाढतात.

आज नोंदणीबाईंची लसणाची मिरची होती. साहेबांनी ती तीनदा घेतली. साहेब तिखटाच्या बाबतीत बेशरम आहेत. कपाळावर घाम, नाकाला रुमाल, आणि हात पुढे. मी दोन घास घेतले आणि दुपारभर क्लोरीनच्या नोंदी वाकून लिहिल्या. उभं राहता येत नव्हतं.

घरी ताईने माझा चेहरा पाहिला.

‘‘अगं, सांग की त्यांना सरळ. पोट बिघडलंय म्हणावं. चोरी केलीयेस का?’’

‘‘तुला नाही कळायचं.’’

‘‘मला नाहीच कळत. वेडेपणा कळायला शिक्षण लागतं, ते तू घेतलंस.’’

मग तिने ऑफिसचा फोन नंबर मागितला. ‘‘कुठे चक्कर येऊन पडलीस तर मी काय वाऱ्याला विचारू?’’ दिला. त्याशिवाय ती झोपू देणार नव्हती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

धाकटीच्या डब्यात आज बटाटा आणि भात. बटाट्याला मीठ आणि एखादी हिरवी काडी, बस. मी मनात म्हटलं, आजकालच्या मुली लग्न करतात, गॅसची शेगडी कुठे असते ते नंतर विचारतात. तोंडाने म्हटलं, ‘‘साधं आहे, पण ठीक आहे.’’ ती इतकी खूश झाली की मला माझीच दया आली. एवढ्याशा स्तुतीने खूश होणारी माणसं मी हाताखाली तयार केली आहेत.

पोट दुपारभर शांत. योगायोग.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

काहीतरी चाललं आहे. आठवडाभर पाहते आहे, आज लिहितेच.

नोंदणीबाईंची मिरची गायब. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘बरणी फुटली.’’ ड्रायव्हरांचा रस्सा आधी गुलाबी झाला, मग पिवळा, आज चक्क पाण्याच्या रंगाचा. मी म्हटलं, ‘‘घरी भांडण झालंय का?’’ तर म्हणाले, ‘‘बाई, भांडण झालं की आमच्याकडे तिखट वाढतं. हे प्रेमाचं आहे.’’ सगळे हसले. मी नाही हसले, कारण ते उत्तर नव्हतं.

आम्ही प्रत्येक तपासणीबरोबर एक ब्लँक चालवतो. नुसतं शुद्ध पाणी, ज्यात काहीच नाही, म्हणजे इतर नमुन्यांत काय आहे ते कळावं. आमचं टेबल आता पाच ब्लँकचं झालं आहे.

कारणं काढून पाहिली. महागाई? तिघांच्या घरी एकाच आठवड्यात मिरची महागत नाही. आळस? आळशी माणूस जास्त तिखट टाकतो, चव लपवायला. मग आज साहेबांकडे पाहिलं आणि उलगडलं. साहेब पांढऱ्या भाताकडे असे पाहत होते जसं कुणी जुन्या गावाच्या फोटोकडे पाहतं. उसासा टाकला, निमूट जेवले. दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. साहेबांचं पोट बिघडलं आहे! आणि जाण्यापूर्वी साहेब सगळ्यांचे गोपनीय अहवाल लिहिणार आहेत. म्हणून हे तिघे त्यांचं पथ्य सांभाळत आहेत.

खुशामत मी पुष्कळ पाहिली आहे. पण भोपळ्यातून केलेली पहिल्यांदाच पाहते आहे. निदान हार घालणारा माणूस हार तरी स्वतः खात नाही.

माझा डबा आधीपासूनच अळणी होता, पण मी खुशामत करत नव्हते. हे इथे नोंदवून ठेवते.

गुरुवार, ६ मार्च

आज डॉक्टरकडे पुन्हा जायचं म्हणून दिवसभराची रजा टाकली होती. डॉक्टर पोट दाबून म्हणाला, ‘‘वा, पथ्य छान पाळताय.’’

‘‘मी काही पाळत नाही. माझ्या टेबलावर सगळे वाईट स्वयंपाक करायला लागले आहेत, इतकंच.’’

‘‘नशीबवान आहात,’’ म्हणाला. या मुलाला विनोद कळत नाही.

काम लवकर आटोपलं म्हणून जेवणाच्या वेळी ऑफिसात पोचले. जिन्यातच लसणाचा वास. दार ढकललं तर झाकणांचा खणखणाट, जणू बँड थांबला. ड्रायव्हर डब्यावर जवळजवळ आडवे पडले होते. धाकटी उभी, हात मागे. साहेबांच्या कपाळावर घाम, नाक लाल, डोळ्यांत पाणी.

‘‘सर्दी,’’ साहेब म्हणाले.

‘‘खूपच सर्दी,’’ नोंदणीबाई म्हणाल्या. ‘‘साहेब, वाफ घ्या हो.’’

‘‘बाई, तुमची तर रजा होती!’’ ड्रायव्हर म्हणाले. तो आनंद नव्हता.

साहेब आत गेल्यावर तिघांना उभं केलं. आजारी माणसासमोर बसून तुम्ही लाल रस्सा खाता? त्यांनी मोहाने एक घास घेतला असता तर? रोज समोर पथ्याचं सोंग आणि मी रजेवर म्हटल्यावर ही मेजवानी? लाज वाटायला हवी.

तिघे खाली मान घालून उभे राहिले. नोंदणीबाईंसारखी बाई, जिच्या जिभेला सुट्टी माहीत नाही, ती म्हणाली, ‘‘चुकलं, बाई.’’ धाकटीने तोंडावर ओढणी घेतली. खांदे हलत होते. रडत असावी. मी जरा जास्तच बोलले का? पण खरं तेच बोलले.

शुक्रवार, १४ मार्च

सोक्षमोक्ष लावला. जेवताना सगळ्यांसमोर विचारलं.

‘‘साहेब, स्पष्ट विचारते. तुम्हाला पोटाचा त्रास आहे ना?’’

साहेबांचा घास हातात राहिला. त्यांनी आधी नोंदणीबाईंकडे पाहिलं, मग ड्रायव्हरांकडे. ड्रायव्हरांना अचानक छतावर काहीतरी दिसलं.

‘‘हो, बाई,’’ साहेब म्हणाले. ‘‘आहे खरा. तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘निरीक्षणाने.’’

‘‘बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही,’’ ड्रायव्हर छताला म्हणाले.

साहेब फार साधेपणाने बोलले. म्हणाले, ‘‘सांगायला संकोच वाटत होता. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. सकाळी जळजळ होते, तेव्हा काय खावं?’’ मी म्हटलं, कोरडा टोस्ट. ‘‘आणि दूध?’’ थोडं, पण त्यावर विसंबू नका, आधी बरं वाटतं आणि नंतर आम्ल वाढतं. ‘‘अंडं चालत असेल का?’’ उकडलेलं चालतं, तळलेलं नाही. ‘‘काकडी?’’ मुळीच नाही, दुपारभर वर येत राहते. ‘‘केळं?’’ पिकलेलं. असं बराच वेळ. धाकटी इतकं लक्ष देऊन ऐकत होती की तपासणी शिकवताना तेवढं दिलं असतं तर एव्हाना कुठल्या कुठे पोचली असती.

एवढा मोठा माणूस, चार माणसांसमोर आपलं पोट उघडं करून बसला. खुशामतखोरांबद्दल माझं मत बदललेलं नाही. साहेबांबद्दल बदललं.

बुधवार, १९ मार्च

सोमवारी नोंदणीबाईंकडून उकडलेली अंडी. काल ड्रायव्हरांकडून पिकलेली केळी, प्रत्येकी एक. साहेबांनी आपलं केळं मला दिलं, ‘‘मला आज नको’’ म्हणून. साहेबांचं पथ्य इतक्या काटेकोरपणे चाललं आहे की दवाखान्यातही चालत नसेल. योगायोगाची गोष्ट अशी की साहेबांचं पोट हुबेहूब माझ्यासारखंच आहे. मला जे सोसतं ते त्यांना सोसतं, मला जे बाधतं ते त्यांना बाधतं.

पोट जवळजवळ बरं आहे. मन नाही. साहेबांनी विचारल्याबरोबर कबूल केलं. आणि मी? त्यांना वैद्यकी शिकवत बसले, जणू हे सगळं पुस्तकात वाचलेलं. त्या क्षणी ‘साहेब, मलाही हेच झालंय’ एवढे चारच शब्द बोलायचे होते. त्यांना सोबत झाली असती. दुसऱ्यांच्या भोपळ्याला हसणारी मी, माझ्या भित्रेपणाची पातळी कुठल्या उपकरणाने मोजू? निरोपाच्या दिवशी सांगायचं ठरवलं आहे.

सोमवार, ३१ मार्च

साहेबांचा निरोप झाला. सांगितलं नाही. आधी तेच लिहून टाकते.

वरच्या कार्यालयाने हॉटेलातून जेवण मागवलं होतं. ज्याने मागवलं त्याला आमच्या साहेबांविषयी काही म्हणजे काही माहीत नसणार. तेलाचा लाल तवंग, तळलेले मासे, भरलेल्या मिरच्या. भाषणं झाली. वरून आलेल्या अधिकाऱ्याने साहेबांचं नाव दोनदा चुकवलं आणि तिसऱ्यांदा ‘आपले लाडके सहकारी’ म्हणून सुटका करून घेतली.

मग पाहते तर साहेब कोपऱ्यात, ताटात रस्सा काठोकाठ, दोन मिरच्या, आणि चेहऱ्यावर असं सुख की लहान मुलाच्या चेहऱ्यावरही दिसू नये. पहिला घास ओठांशी पोचला होता. मी ताट हातातून काढून घेतलं.

‘‘साहेब! इतक्या दिवसांची मेहनत एका दिवसात घालवणार?’’

‘‘बाई, आज एक दिवस...’’ आवाज अगदी केविलवाणा.

‘‘एक दिवसच पुरतो. सर्जनशी बोलायचंय का?’’

मी माझा डबा उघडून पुढे ठेवला. मऊ भात, गाजर, भोपळा. साहेबांनी त्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फार हळू हसले आणि खाली बसून तो सगळा भात खाल्ला. शेवटचं शीतसुद्धा. डोळ्यांत पाणी होतं. ड्रायव्हर तोंड फिरवून खिडकीत उभे राहिले. नोंदणीबाई म्हणाल्या, ‘‘असा साहेब पुन्हा होणार नाही,’’ आणि या बाईच्या तोंडून मी प्रथमच एक वायफळ नसलेलं वाक्य ऐकलं.

जाताना साहेबांनी हात जोडले. ‘‘बाई, जपा.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही जपा. मी ठणठणीत आहे.’’ तीच वेळ होती सांगायची.

सगळं आवरल्यावर मी तिघांना म्हटलं, ‘‘चला, सुटलात. साहेब गेले, अहवाल लिहून झाले. उद्यापासून तुमचं तिखट परत आणा.’’

‘‘आणू?’’ ड्रायव्हरांनी विचारलं.

‘‘आणा की. आता कुणासाठी थांबायचंय?’’

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

घरी आल्यापासून डोक्यात तेच फिरतं आहे. माझा सिद्धांत असा: पथ्य साहेबांसाठी, खुशामतीपोटी. साहेब आता नाहीत. सिद्धांत बरोबर असेल तर उद्या ड्रायव्हरांचा रस्सा लाल असला पाहिजे आणि नोंदणीबाईंची फुटलेली बरणी जुळून आलेली असली पाहिजे. इतकी सोपी, स्वच्छ परीक्षा आमच्या कामात क्वचित मिळते. खुशामतखोर उद्या उघडे पडतील. मला तिखट अजून झेपेल का, हा प्रश्न आहे. पण तेवढ्यासाठी परीक्षा थांबवायची नाही.

मंगळवार, १ एप्रिल

जेवायला बसलो. साहेबांची खुर्ची भिंतीशी सरकवलेली होती. डबे मध्ये ठेवले. ड्रायव्हरांनी आपलं झाकण काढलं, मग नोंदणीबाईंनी, मग धाकटीने. मी एकेका डब्यात पाहिलं.

भोपळा. उकडलेला बटाटा, वर थोडं मीठ. मऊ भात.

‘‘काय झालं, बाई?’’ नोंदणीबाईंनी विचारलं. ‘‘वाढू ना?’’

मी ताट पुढे केलं. भात संपल्यावर मी आणखी मागून घेतला.